हळदीचा डीजे

प्रज्ञाची आई,

मी आजच्या रातीपुरता धाड गावच्या बहिणीकडे जाऊन राह्यलो. देऊळघाटच्या वरातीपासून कानात शिटी वाजते, अन् हर डीजेनं वाढते. तरी हळदीचा डीजे बंद करू नको, पोरीची हौस हाये. काल दुपारी मले झोप लागावी म्हणून तू पंखा बंद केला, पण सामसूम झालं का ती शिटी जास्तच वाजते. पाहुण्यांले सांगजो, हार आणाले गेले. उद्या लग्नाले मी येतोच.

प्रज्ञाले मात्र खरं सांग. तिनं सकाळी मागून तीनदा 'बाबा' म्हणलं अन् मी वळलो नाही, हे तू बोलली तवा मले समजलं. तिले वाटते, मले हे लग्न पसंत नाही. मले शिटीच ऐकू येत होती.

प्रेमानंद