जेबाचा भविष्यकाळ आणि अम्मींची दुरुस्ती

यवतमाळ

आदरणीय जफरभाई,

सलाम. आपला गुडघा, भाभींचा खोकला आणि पांढरकवड्याच्या हायवेवरचे आपले टायरचे दुकान, तिन्ही ठीक असावीत. (गेल्या पत्राचे उत्तर न आल्याने अंदाजावर भागवते.)

घटना क्रमाने मांडते. मध्ये भाष्य करू नये. एक, आपली कन्या जेबा माझ्याकडे राहून स्पॅनिश शिकते. दोन, तोंडी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास तिला स्पेनमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. तीन, तिला शिकवता यावे म्हणून मीही ती भाषा शिकले व अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच परीक्षेस बसले. चार, आपल्या अम्मी माझ्याच घरी असतात. अनर्थाचे मूळ या चौथ्या मुद्द्यात आहे.

स्पॅनिशचा भविष्यकाळ एखाद्या शिस्तप्रिय माणसाने रचलेला असावा. धातूला धक्का न लावता मागे प्रत्यय जोडायचा: 'अब्लार' म्हणजे बोलणे, 'अब्लारे' म्हणजे मी बोलेन. हट्टी धातू जेमतेम डझनभर (आपल्या खानदानात याहून अधिक निघतील). पण जेबाने "मी उद्या बोलेन" म्हटले, की पलंगावरून अम्मी गरजत, "पयले इन्शाअल्ला म्हण, मंग बोल!" पाठात तसे नाही, असे मी सांगितले. त्यावर, "उद्याचा दिस तुह्या पुस्तकवाल्यानं पाह्यला काय वं?" तीन महिन्यांत जेबाच्या प्रत्येक वाक्यामागे ते शेपूट पक्के झाले आणि माझी लाल शाई संपली. (माझा आक्षेप धर्माला नाही. आपल्या घरात "इन्शाअल्ला, पाहू" म्हणजे नकार. मला हैदराबादला शिकायला पाठवण्याबद्दल अब्बा हेच म्हणाले होते; मी अमरावतीच्या पुढे गेले नाही.)

परीक्षा घरीच, एकाच संगणकावर, एकीमागून एक झाली. स्पेनमधल्या परीक्षक बाईंनी दोघींना एकच प्रश्न विचारला: पाच वर्षांनी काय कराल? जेबा म्हणाली, शिकेन, परत येईन, दादीला ऑलिव्ह आणीन, इन्शाअल्ला. मी कपाळाला हात लावला. बाई मात्र खुलल्या. त्यांच्याकडेही 'ओहाला', म्हणजे 'देव करो नि तसे होवो', असा एक शब्द आहे म्हणे, थेट अरबांकडून आलेला! मग त्या आणि जेबा दहा मिनिटे शेजारणींसारख्या बोलत बसल्या. माझ्या वेळी मी प्रथम नियम, मग सहाही पुरुषवचनांची रूपे, नंतर अपवाद सांगितले. बाईंना तोंड उघडण्याचीही गरज पडली नाही.

आपली बहीण,
शबाना (एम.ए., पीएच.डी.)

ता.क. जेबा उत्तीर्ण झाली. माझ्या निकालावर शेरा आहे: "रूपे निर्दोष, प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही." मी फेरतपासणी मागितली आहे.

ता.क. २. सोबत जोडलेल्या, जेबाला स्पेनला पाठवण्याच्या संमतीपत्रावर वडिलांची सही शुक्रवारपर्यंत लागते. फोनवर आपण तीनदा "इन्शाअल्ला, पाहू" म्हणालात. ते अम्मींना सांगितले, तेव्हा त्यांनी दिलेला निरोप जसाच्या तसा उतरवते (दुरुस्तीस त्यांनी मनाई केली आहे): "जफरले सांग, खुदाची मर्जी मी इचारून घेतली. तू तुह्यी लिहून धाड."

तरी उत्तर लेखी पाठवावे.