पानिपतची रिकामी यादी

मंगळवार, संध्याकाळ

घरी येऊन तास झाला, तरी राग उतरत नाही. पानिपतच्या ऑफिसात आमच्या सर्व्हरवरचा डेटा उतरवणाऱ्या सिंक टूलची यादी सकाळी रिकामी दिसली, त्या जोडणीचं सबस्क्रिप्शनच गायब, आणि आमचे बॉस मल्होत्रा साहेब यांनी तिथल्या ऑपरेटरला, सुनीताला, इथे आम्हा सगळ्यांसमोर फोनच्या स्पीकरवर विचारलं, "डिलीट कर दिया ना? मान लो." ती कंत्राटावर आहे. काही केलं नसताना "सॉरी सर" म्हणाली. का म्हणाली? आणि मी गप्प का बसले? तेच जास्त डाचतंय.

मग मी सर्व्हर उघडला. सबस्क्रिप्शन जसंच्या तसं होतं. फक्त ते बनवताना 'सिंक टूलमध्ये दाखवा' या चौकटीत खूण केलेली नव्हती. एक खूण. म्हणजे ते त्या यादीत कधी आलंच नव्हतं. बनवलं कोणी? गेल्या आठवड्यात दौऱ्यावर असताना साहेबांनी स्वतः, स्वतःच्याच लॉगिनवरून.

मी खूण केली आणि तिकडच्या यादीत ते दिसू लागलं. साहेब म्हणाले, "चलो मॅडम, हो गया ना. अब छोडो." पण सुनीताला काढून टाका, अशी त्यांची चिठ्ठी दुपारीच वर, मुख्य ऑफिसला, गेली होती. ती चिठ्ठी परत मागवा म्हटलं, तर "देखेंगे".

देखेंगे म्हणजे काय? मी रिपोर्टमध्ये ते लॉगिन स्पष्ट लिहिलं आणि चिठ्ठी गेली तिथेच तो पाठवला. निघताना सुनीताला फोन करून सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, पक्का मैंने कुछ नहीं किया था?"