एवढासा छेद

पोस्टमार्टम करणाऱ्या डॉक्टर मॅडम,

डोंगरकड्याच्या जळबाची बायको लिहून राहिले. तुमी मला विचारलं होतं, "घरी आल्यावर त्यांनी काही जड उचललं का?" मी न्हाई म्हणले. दीर शेजारीच उभे होते. त्यांनी मोठ्या दवाखान्यावर केलेली तक्रार माझ्या त्या एका शब्दावर उभी आहे.

आमच्या मालकांच्या मांडीतून नळी घालून हृदयाची झडप बदलली होती. छातीवर ओरखडासुद्धा न्हाई. भेटायला येणारे हसायचे, असलं कुठं आपरेशन असतं का म्हणायचे. जड उचलू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं. पण सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं, हळदीची पोती अंगणात होती, आणि मी म्हणले, "एवढ्याशा छेदासाठी किती दिवस पडून राहता?"

ते उठले. दुपारी कंबर दुखते म्हणले, दिवस मावळायच्या आत गेले.

पोटात मागं रक्त साचलं होतं, तुमीच सांगितलं. नळी घातलेली शीर आधीच झिरपत होती का ताणानं फुटली, हे नुसतं बघून कळत न्हाई म्हणाल्या. म्हणून मला विचारलं. आपरेशन करणाऱ्या त्या डॉक्टरला आता कामावरून घरी बसवलंय म्हणतात.

याआधीची दोन पत्रं चुलीत घातली. हेही तिथंच जाईल.

उचललं का, एवढंच तुमी विचारलं. पोतं दोघांनी उचललं होतं मॅडम. एका बाजूनं मी धरलं होतं.

करुणा