माझा रोल करणारी

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईने हो म्हटलं!! मेसेजवर. मी विचारलं होतं - शॉर्ट फिल्मसाठी घर चार दिवस मिळेल का? दीड वर्षातला माझा पहिला मेसेज. तिचं उत्तर - "मशीनला कोणी हात लावायचा नाही." बस. हेच आमच्या आईचं 'हो'.

स्टोरी तिला माहीत नाही. एक आई असते, घरी कपडे शिवते. मुलगी गुपचूप कॉलेज सोडते आणि आठ महिने घरी थापा मारते. आई तिचा ड्रॉवर उघडते, कॉलेजचं पत्र सापडतं, मग महाभांडण आणि मुलगी घर सोडून जाते. शेवटी आई तिला म्हणते - चुकलं माझं.

सगळं खरं आहे, शेवट सोडून. त्या शेवटासाठीच तर फिल्म करतेय!

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझा रोल करणारी मिळाली. ऑडिशनला सात जणी आल्या, ही आल्या आल्या खुर्ची उलटी करून बसली. सेम मी! केस मात्र माझ्यापेक्षा चांगले आहेत. चालेल. फिल्ममध्ये तरी चांगले दिसू देत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आईचा रोल करणाऱ्या बाईंनी ऐन वेळी टांग दिली. मालिका मिळाली म्हणे. मी डोक्याला हात लावून बसले.

आणि आज हद्द झाली. माझा रोल करणारी नटी आमच्या कॅमेरावाल्याबरोबर - म्हणजे चष्म्याबरोबर - घर बघायला गेली आणि आईलाच रोल विचारून आली! "काकू हो म्हणाल्या. किती गोड आहेत गं त्या!"

गोड?? माझी आई? एका कप चहात काकू झाली? मला दीड वर्षात चहा सोड, शिवीसुद्धा मिळाली नाही.

स्क्रिप्ट पाठवली आईला. ड्रॉवरचा सीन वाचून फोन आपटेल असं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा मेसेज. "वाचली. मशीनवर टाके घालत नाहीत, टीप मारतात. तेवढं नीट कर."

तेवढंच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शूटिंगचा पहिला दिवस! घरात पाऊल टाकलं तर माझ्या खोलीत कापडाचे ढीग, खिडकीशी मशीन. माझा पलंग गायब. ठीक आहे. लोकेशन म्हणून मस्त दिसतं.

पहिला सीन - आई मुलीचं माप घेते, दोघींत अबोला आहे. आईने टेप नटीच्या खांद्यावर टाकली आणि इतक्या हळू... "खांदा सैल सोड बाळा." स्क्रिप्टमध्ये 'बाळा' नाहीये! सहा टेक झाले. सहाही वेळा बाळा.

मी म्हटलं, आई, इथे तू रागावलेली आहेस.

"हिच्यावर कशाला रागावू? हिने काय केलंय?"

सगळे खो खो हसले. मी सगळ्यात जोरात हसले.

१ मार्च, शनिवार

ड्रॉवरचा सीन एका टेकमध्ये ओके. आईने ड्रॉवर उघडला, पत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं होतं निदान थोडी ओशाळेल. चोरी पकडली गेल्यावर माणूस ओशाळतो ना?

मग नटीने विचारलं, "काकू, खरंच असंच झालं होतं?" आईने माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवर लावून टाकला. लंच ब्रेकमध्ये दोघी गॅलरीत. अर्धा तास! मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा गप्पा बंद. नटीचे डोळे लाल होते. मला म्हणते कशी, "तू बोल ना त्यांच्याशी." अगं बाई, तू कोण मला सांगणारी!

संध्याकाळी आईने नटीच्या कुर्त्याची बाही नीट करून दिली. माझ्या पॅन्टची खालची शिलाई उसवून महिना झालाय, सेफ्टी पिन लावून फिरतेय. कुणाला दिसली नाही.

जळतेय मी. लिहून टाकते एकदाचं. कोण वाचणार आहे? मीच निवडलेली मुलगी, माझेच डायलॉग बोलतेय, आणि मी तिच्यावर जळतेय. किती येडपट!

२ मार्च, रविवार

शेवटचा सीन. आईने नटीचा हात हातात घेतला. "चुकलं माझं." पहिल्याच टेकला चष्म्याने चष्मा काढून डोळे पुसले.

मी म्हटलं, वन मोअर.

अकरा टेक घेतले. चष्मा वैतागला - "पहिलाच सोन्यासारखा होता, तू काय शोधतेयस?" म्हटलं, फोकस. तो म्हणाला, फोकस माझ्याकडे आहे, तू पाणी पी.

अकरा वेळा ऐकलं. अकराही वेळा तिच्याकडे बघून.

३ मार्च, सोमवार

आज फक्त आईचा क्लोज-अप बाकी होता. नटीची परीक्षा, ती आली नाही. अशा वेळी कुणीतरी लेन्सला चिकटून उभं राहतं आणि समोरच्याचे डायलॉग वाचतं, म्हणजे नजर बरोबर पडते. चष्मा म्हणाला, "तूच वाच. तुझेच तर आहेत."

वाचले. "का उघडलास माझा ड्रॉवर? का?"

आई माझ्याकडे बघत राहिली. 'चुकलं माझं' काही येईना. कट. परत. कट. चौथ्यांदा ती उठली आणि मशीनमध्ये दोरा ओवायला लागली. "मला नाही जमणार."

माझा ताबा सुटला. सगळ्या युनिटसमोर ओरडले - तिला अकरा वेळा म्हणालीस! मला एकदा म्हणायला काय जातं तुझं?

ती मान वर न करता म्हणाली, "तिला म्हणाले ते नाटक होतं. तुला खोटं कसं म्हणू?"

खोटं!! म्हणजे अजूनही तिचं काहीच चुकलेलं नाही! चष्म्याने गुपचूप लाइट बंद केले. सामान बांधून निघालो. रिक्षात मी रडले नाही. चष्मा म्हणतो रडले.

४ मार्च, मंगळवार

शूटिंगसाठी घेतलेली घराची किल्ली परत द्यायला गेले होते. ती मशीनवर. जशी गेले तशी निघणार होते. मशीनवरचे पाय थांबवत ती बोलली, कापडाकडेच बघत -

"ड्रॉवर नव्हता उघडला मी. तूच तसं धरून चाललीस. तुझा सेंड-ऑफ होता ना त्या दिवशी? तूच सांगितलं होतंस. तुझा ड्रेस वेळेत शिवून झाला म्हणून कॉलेजच्या गेटवर घेऊन आले. वॉचमनने आत ऑफिसात विचारलं. म्हणाला, हे नाव आठ महिन्यांपूर्वीच कमी झालंय. भला माणूस. बसायला खुर्ची दिली."

मी विचारलं, मग लगेच घरी आलीस?

"सहापर्यंत बसले. म्हटलं, त्यांचीच काहीतरी चूक असेल."