सातूच्या कोठारातला संयम

पोसिदेऑन महिना, चौथा दिवस. सकाळ.

आजपासून रोज लिहायचं. वडिलांनी कोर्टात केलेल्या एका भाषणाची गुंडाळी पडून होती, तिची मागची बाजू कोरी आहे. हे कुणी वाचायचं नाही. फक्त माझ्या आत्म्याची प्रगती नोंदवून ठेवायची.

परिस्थिती: बंदराच्या तोंडाशी स्पार्टाची जहाजं, तटाबाहेर त्यांचं सैन्य. धान्याचं एकही गलबत आत आलेलं नाही. माझं सुगंधी तेलाचं दुकान बंद. परवा एक गिऱ्हाईक आलं, त्यानं बाटली तिथंच चाटली.

मला यातल्या कशाचा फरक पडत नाही. चार वर्षं अनाक्सिलस गुरुजींकडे जातो आहे, उगाच नाही. गुरुजी म्हणतात, आत्मा हे एक घर आहे. माडीवर मालक राहतो, तो विवेक. दारात कुत्रा, तो मानापमान. मागे स्वयंपाकघर, तिथे वासना. घरात कुणाचा आवाज चालतो, एवढाच काय तो प्रश्न. माझ्याकडे मालकाचा चालतो.

क्लिओबूली (बायको) म्हणाली, "मालकाला विचारा, मिर्तोला संध्याकाळी काय घालू?" मिर्तो सहा वर्षांची आहे. क्लिओबूलीला तत्त्वज्ञानात गती नाही.

सहावा दिवस.

आज हेराक्लीसच्या देवळात वस्तीची सभा. सगळ्यांकडचं सातूचं पीठ एकत्र करून देवळामागच्या कोठारात ठेवायचं ठरलं. आठ रांजण. दर पाच दिवसांनी वाटप. वस्तीप्रमुख फिलिनसनं विचारलं, सांभाळणार कोण? मी उठलो. म्हणालो, भूक ही घरच्या मालकाला आलेली एक सूचना आहे, ऐकायची की नाही ते मालकानं ठरवायचं. फार छान बोललो. शेवटी एक ठरावही मांडला: कोठारातलं पीठ जो चोरेल त्याला देहदंड. सगळ्यांनी हात वर केले. एकमतानं पास.

कोठाराच्या दारावर मारायचा शिक्का माझ्याकडे. किल्ली दुसऱ्याकडे असावी म्हणून दाणे टाकून नाव काढलं, तर निघाला स्मिकिथस कुंभार! वस्तीतला सगळ्यात खादाड माणूस. लग्नात याला शेवटच्या पंगतीला बसवतात, पहिल्या पंगतीला बसला तर पुढच्यांना उरत नाही.

सातवा दिवस.

स्मिकिथस कोठाराच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "हे बघ यूथिक्लीस, आत तूच जात जा. मी इथं बाहेर बसतो. मला एकट्याला आत पाठवू नकोस."

म्हटलं का?

"का म्हणजे? खाईन ना मी! पोट पाठीला लागलंय लेका. आत आठ रांजण, आणि मी एकटा. मी माझ्या आईला ओळखत नाही एवढा मला ओळखतो."

मला त्याची कीव आली. काय ही आत्म्याची अवस्था! मालक माडीवरून कधीच पळून गेलेला. आत मी गेलो. वास चांगला होता. नोंद एवढीच.

तेरावा दिवस.

पिठाला कुबट वास येतो आहे का, अशी शंका आली. पाचशे माणसांच्या जिवाचा प्रश्न. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. कुबट नाही. जबाबदारीची कामं अशी असतात.

चौदावा दिवस.

कालची चिमूट फक्त पहिल्या रांजणातली होती. आज बाकीचे सात तपासले.

एकोणिसावा दिवस. दुपार.

गुरुजींची एक जुनी शिकवण आज नव्यानं उमगली. चांगलं काय हे ज्याला खरोखर कळलं, तो वाईट करूच शकत नाही. वाईट करणारा अज्ञानापोटी करतो. आता, चांगलं काय ते मला कळलेलं आहे. चार वर्षं पाठ केलं आहे. त्या अर्थी मी जे करतो ते वाईट असूच शकत नाही. हे इतकं स्वच्छ आहे की मला रडू आलं.

आज एक मूठ. प्रयोग म्हणून. एका मुठीवर थांबता येतं का, हे पाहायचं होतं. आलं.

बाविसावा दिवस.

तीन मुठी. तिन्ही वेळा थांबलो. म्हणजे थांबण्याची ताकद तिप्पट झाली.

पंचविसावा दिवस.

घरी बोलणं झालं. क्लिओबूली माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होती. म्हणाली, "सगळ्या वस्तीचे पट्टे दोन-दोन भोकं आत आले. तुमचा होता तिथंच आहे."

मी तिला समजावून सांगितलं की आत्मा शांत असला की शरीराला कमी लागतं. मिर्तोनं विचारलं, "बाबा, मी पण आत्मा शांत करू?" आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसली. बराच वेळ बसली. क्लिओबूलीनं तिला हलवलं तेव्हा लवकर जागी झाली नाही.

कोठारातलं मूठभर पीठ घरी आणावं, असा एक विचार मनात येऊन गेला. तो तिथल्या तिथे चिरडला. पीठ घरी आणणं ही सरळसरळ चोरी आहे.

पुढचा महिना, गामेलिऑन. दुसरा दिवस.

रस्त्यात प्रेतं दिसायला लागली आहेत. सुरुवातीला लोक थांबायचे. आता वळसा घालून जातात. कुत्री कुठंच दिसत नाहीत. चिमण्याही नाहीत. सकाळी इतकी शांतता असते की बंदरावरची त्यांची शिंगं इथवर ऐकू येतात.

कोठारात कोरडं पीठ घशात अडकून जोराचा खोकला आला. बाहेर आलो. स्मिकिथस पायरीवर होता, गालफडं पार बसलेली. म्हटलं, आत धूळ फार झाली आहे.

"हो ना," तो म्हणाला. "तुझ्या मिशीवर पण बसलीय."

मी मिशी पुसली. तो दुसरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यूथिक्लीस, मी तुला नावं ठेवत नाही. मी आत असतो तर आतापर्यंत तळ दिसला असता. पण आता आपण दोघंही बाहेर बसू. फिलिनसला सांगू, तिसरा माणूस दे म्हणून. कारण सांगायची गरज नाही."

त्याचा हेतू लगेच लक्षात आला. मला बाजूला काढून त्याला आत घुसायचं आहे. वासना किती धूर्त असते! मी नाही म्हणालो.

पाचवा दिवस.

खूप मोठा निश्चय केला. आजपासून एकही मूठ नाही. हेराक्लीसच्या मूर्तीसमोर शपथ घेतली.

पाचवा दिवस. दुपार.

शपथ मुठीबद्दल होती. ओंजळीबद्दल नव्हती. पुढच्या वेळी शब्द नीट निवडले पाहिजेत.

आठवा दिवस.

गुरुजींना भेटायला गेलो. अंथरुणावर होते. चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं इतके वाळलेले. शेजारची म्हातारी त्यांना चामडं उकळलेलं पाणी पाजत होती. मी माझी गेल्या महिन्यातल्या एकोणिसाव्या दिवसाची मांडणी त्यांना ऐकवली. ज्याला चांगलं कळतं तो वाईट करूच शकत नाही, सबब मी करतो ते वाईट नाही.

त्यांनी म्हातारीला वाटी बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "यूथिक्लीस, तू उलट्या बाजूनं जिना चढतोयस. तू काय करतोस ते आधी बघ. त्यावरून कळेल तुला काय कळलंय ते."

मग म्हणाले, "वाकतोस जरा?" मी वाकलो. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

भुकेनं त्यांचं डोकं चालेनासं झालं आहे. एवढा मोठा माणूस. फार वाईट वाटलं.

अकरावा दिवस.

गुरुजी गेले. अंत्ययात्रेला चौघं होतो. खांदा द्यायची ताकद फक्त माझ्यात होती, त्यामुळे बराचसा भार मीच उचलला. लोक कौतुकानं बघत होते. निदान बघत तरी होते.

पंधरावा दिवस.

वाटप. शेवटच्या नऊ घरांना पीठ मिळालं नाही. आजच्या वाटपाचा रांजण अर्धा रिकामा निघाला, बाकीचं पीठ पुढच्या वाटपांसाठी राखलेलं. बायका ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. रिकामी भांडी घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मला ते आवडलं नाही.

फिलिनसनं आम्हा दोघांकडे पाहिलं. मग सगळेच फक्त स्मिकिथसकडे बघायला लागले. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. हे नोंदवून ठेवतो.

सोळावा दिवस. सभा.

स्मिकिथसला उभं राहवत नव्हतं, दोघांनी धरलं होतं. म्हणाला, "मी एकदाही आत गेलो नाही."

लोक हसले. इतक्या दिवसांत वस्तीत पहिल्यांदाच कुणी हसलं. मागून एकजण म्हणाला, "तू दाराबाहेर बसलास? आणि आत पीठ? अरे तू लग्नात पोळ्यांबरोबर टोपली खाशील!"

"म्हणूनच बाहेर बसलो," स्मिकिथस म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. रागानं नाही. "यूथिक्लीसला विचारा. त्याला माहीत आहे. तो खरं सांगेल."

मी उठलो. सगळं सांगून टाकायचं, हे ठरलेलंच होतं. सुरुवातही तशीच केली. म्हणालो, नागरिकहो, माणसाचा आत्मा हे एक घर आहे. मग स्वयंपाकघराचं वर्णन आलं. ते आलं की ओघानं वासनेची ताकद येते, आणि ती सांगताना नजर कुठंतरी ठेवावी लागते. ती स्मिकिथसवर गेली. लोकांनीही तिकडेच पाहिलं. माझं पुढचं बोलणं व्हायच्या आत हात वर झाले.

माझाही झाला. सगळ्यांचे वर असताना एक खाली ठेवला तर लोकांचा गैरसमज होतो.

शिक्षा चार दिवसांनी. तोवर तो तुरुंगात. किल्लीही माझ्याकडे दिली.

सतरावा दिवस.

घरी आलो तर क्लिओबूली गाठोडं बांधत होती. मिर्तोला घेऊन भावाकडे निघाली आहे. मी विचारलं, तिथं तरी काय मिळणार आहे खायला?

"काही नाही," ती म्हणाली. "पण तिथं सगळे सारखे उपाशी आहेत."

जाताना तिनं मिर्तोचं मनगट माझ्या हातात दिलं. मी धरून बसलो. मग तिनं ते काढून घेतलं.

निश्चय: स्मिकिथसला वाचवणार. उद्या सकाळी फिलिनसकडे जाऊन सगळं सांगणार. आता शंका नाही.

अठरावा दिवस.

आज पाऊस. फिलिनसला पावसात कुणी आलेलं आवडत नाही. उद्या.

एकोणिसावा दिवस.

निघालो होतो. फिलिनसच्या घरी जाताना वाटेत कोठार लागतं. नेमकं किती पीठ गेलं हे माहीत नसताना कबुली देणं बेजबाबदारपणाचं, म्हणून मोजायला आत गेलो. बाहेर पायरीवर कुणी नव्हतं. वेळ कसा गेला कळलं नाही.

उद्या सूर्यास्ताला शिक्षा आहे. म्हणजे पूर्ण दिवस हातात आहे. भरपूर.

विसावा दिवस. सकाळ.

छातीत धडधडतं आहे. ही भीती नव्हे. मालक माडीवरून खाली उतरतो आहे, त्याच्या पावलांचा आवाज. दुपारी नक्की.

विसावा दिवस.

दुपारी तुरुंगापर्यंत गेलो. फिलिनसकडे जायच्या ऐवजी आधी स्मिकिथसला भेटून धीर द्यावा, असं वाटलं. सकाळपासून घरून कुणी आलं नव्हतं त्याच्याकडे. मला बघून त्याला आनंद झाला. "आलास?" म्हणाला. "सांगितलंस का?"

म्हटलं, निघालोच आहे.

"लवकर जा मग. सूर्य बघ कुठं आलाय." आणि मला ढकलायला हात पुढे केला. त्या हाताला वजनच नव्हतं.

मी गेलो. फिलिनसच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथं एका भिंतीशी उभा राहिलो. काय बोलायचं याची वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य जमत नव्हतं. जमलं तेव्हा भिंतीवर ऊन नव्हतं.

एकविसावा दिवस.

आज सांगितलं.

फिलिनसच्या दारात उभा राहून सांगितलं. एकच वाक्य. पीठ मी खाल्लं, स्मिकिथस आत गेला नव्हता. घर, मालक, माडी काही नाही.

फिलिनसनं आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मला आत ओढलं, दार लावलं. त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काल आम्ही एका माणसाला मारलं. सगळ्या वस्तीनं हात वर केले होते. माझ्या आईनं ओसरीवरून ऐकलं, ती म्हणाली, बरं झालं. ते चुकलं, असं तू मला सांगायला आलायस?"

म्हटलं, हो.

"नाही," तो म्हणाला. "तू सांगितलेलं नाहीस. मित्राच्या दुःखानं तुझं डोकं फिरलंय. पुन्हा हे बोललास, तर तुला वेड लागलं म्हणून मीच सभेत सांगेन, आणि सगळे मान डोलावतील. घरी जा यूथिक्लीस. उद्यापासून कोठार नेहमीच्या वेळी उघड."

मग आत जाऊन स्वतःच्या वाट्यातलं पीठ एका वाटीत घेऊन आला. माझ्या हातात दिलं. "घे," म्हणाला. "आणि गप्प राहा."

मी ती वाटी परत करणार होतो. दाराबाहेर आल्यावर पाहिलं, तर रिकामी होती.