पुसलेला लेख

सोलापूर, रविवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

सुनंदाने माझा ऑनलाइन लेखनवर्ग सोडला आणि दोष माझा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

वर्गात सगळेजण एकाच फाइलमध्ये लिहितात. कोण काय टाइप करतंय ते मला त्याच क्षणी दिसतं. मोडनिंबची सुनंदा आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहीत होती. वाक्य पुरं व्हायच्या आत मी बाजूला शेरा टाकला : ‘पाल्हाळ. तोडा.’ समोर बसलेल्या बाईला असं म्हटलं असतं का? नसतं. पाहता पाहता तिने सगळं पुसलं. तिचं पान कोरं उरलं.

कॉलेजात शिकवताना वही हाती येईपर्यंत तरी मी थांबत होते. आता का नाही थांबले?

आज ती बाजाराला आली होती, तशी घरी आली.

“चहा घे.”

“घेते की. वर्गाला मातर न्हाई येत, मॅडम. खांद्यावरनं कुणी वाकून बघतंय म्हटल्यावर हात चालतो व्हय?”

“पुसलेलं परत आणता येतं, सुनंदा.”

“नको. आईचं तोंड आठवत लिवत हुते, मधीच तुमचं ‘तोडा’ आलं. आता तितं तेवढंच दिसतंय.”

‘तोडा.’ एवढ्याशा शब्दाची घाई कसली होती मला?

तिला दिलं : कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि माझं पेन. तिने मला दिली : घरची शेंगाचटणी. लेख नाही.