मधली खुर्ची

शुक्रवार, ११ जुलै

पारे तिकीट देऊन गेली. भावाची पोरगी, पण हुकूम सासूचा! "आत्या, उद्या सहाला, सैनिकांच्या क्लबात. गाणी आणि विनोद. सगळे आपले माओरीच. नाही म्हणायचं नाही." म्हटलं, शाळेची बस चालवून कान किटलेत, सुट्टीत तरी शांत बसू दे. तर म्हणे, "तिथे पोरं नसतात गं, म्हातारीच असतात सगळी."

कोण कोण म्हातारी, हे विचारायला हवं होतं.

रविवार, १३ जुलै

काल आल्यावर लिहिणं जमेना. हसून की कशानं, कोण जाणे.

तिसरी रांग. मी, मध्ये पारे, आणि तिच्या पलीकडे — रीपेका! माझी सख्खी मोठी बहीण. चार वर्षं आमचं एका शब्दाचं बोलणं नाही. ओपोटिकीसारख्या टीचभर गावात हे सोपं नाही. ती दुकानात शिरली की मी शाम्पूच्या फळीआड लपते आणि उगाच उभं दिसू नये म्हणून एक बाटली उचलते. घरात सात बाटल्या झाल्यात.

"चहा आणते," म्हणून पारे जी गेली ती गेलीच. कारटी!

बँड मात्र झकास. गाणारा हेनारे — पोट सुटलेलं, चमचमता कोट, गिटार पोटावर टेकवलेली. "ही खाली पडत नाही, म्हणूनच मी जेवतो," म्हणाला. तीन गाण्यांत सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. आम्ही दोघी नाकासमोर बघत बसलेलो, दंतवैद्याकडे बसावं तशा. मग त्याची नजर आमच्यावर आली.

"ह्या दोन बायांच्या मधली खुर्ची रिकामी का? कोण वारलं?"

"आमचं बोलणं," मी म्हटलं. तोंडातून निसटलंच! हॉल फुटला.

"अरेरे! कधी?"

"चार वर्षं झाली."

"साडेचार," रीपेका म्हणाली. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

बस्स, त्यानं दोघींना हात धरून वर नेलं. मध्ये एकच माइक. भांडण कशावरून, विचारलं. मी सांगितलं. मराएच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघराच्या अंगणात पाहुणे आलेले. मामाचं भाषण झालं. भाषणामागे घरच्यांनी उठून गाणं म्हणायचं असतं, मी उठले, गाणं उचललं. दुसऱ्या ओळीला हिनं वरच्या पट्टीत भलतंच गाणं चढवलं! सगळे तिच्यामागे गेले. चाळीस पाहुण्यांसमोर मी तोंड उघडं ठेवून उभी.

"इतक्या खाली उचललं होतं," रीपेका म्हणाली, "पाहुण्यांना वाटलं असतं गाय अडलीये."

"आणि तू? कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी!"

लोक खुर्च्यांवरून घसरत होते. त्यांना वाटलं, बसवलेलं आहे! मी खरीखुरी चिडलेली, आणि जितकी चिडते तितके हे हसतात.

तेवढ्यात ती माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "तुझा आवाज कापत होता, मेरेआना. आई जाऊन महिनाच झाला होता. तू सगळ्यांसमोर रडशील असं वाटलं. म्हणून घेतलं मी गाणं."

माइकनं तेही पकडलं.

"मग सांगायचं नाहीस?"

"तू शाम्पूच्या मागे लपायचीस. तिथे येऊन सांगू?"

म्हणजे दिसत होते मी! कुणी हसावं की नाही, कळेना. आणि मागच्या रांगेतून कुईनी मावशी काठी आपटत ओरडली, "दोघीही चुकलात गं! तुमच्या मामाला तिसरंच गाणं हवं होतं!"

नव्वदीची बाई. साडेचार वर्षं पोटात ठेवून बसली होती!

मग आम्ही गायलो. तिचा वरचा सूर, माझा खालचा. शब्द दोन ठिकाणी विसरले. ती विसरली नाही. उतरताना मी म्हटलं, "ताई, पायरी आहे, सांभाळ."

ताई. किती दिवसांनी लिहिला हा शब्द.

मंगळवार, १५ जुलै

शाळा सुरू. पोरं बसमध्ये चढतात ती "कोण वारलं?" करत. कुणीतरी व्हिडिओ काढलाय, आया दाखवतात वाटतं फोनवर.

हेनारेचा फोन ताईला आला. फाकातानेला दोन ऑगस्टला कार्यक्रम आहे, दहा मिनिटं तुमची. ताई मला म्हणते, "मी हो म्हटलं. तुझ्याही वतीनं." मला विचारायला काय झालं होतं?

गुरुवार, २४ जुलै

घोटाळा झालाय. आम्ही गोड झालोय!

माझ्या स्वयंपाकघरात तालीम. "आधी तू बोल ताई." "नाही गं, तूच बोल, तुला छान जमतं." पारे जांभया देत होती. हेनारे मुद्दाम बघायला आला, माझ्या शिंपल्यांच्या सहा वड्या खाल्ल्या आणि हात पुसत म्हणाला, "बायांनो, मी भांडकुदळ बहिणी बोलावल्या होत्या. ह्या देवळातल्या कोण?"

ताई शरमली. मी तिची बाजू घेतली. त्यानं कपाळाला हात लावला.

बुधवार, ३० जुलै

अजूनही गोडच. ताई येताना माझ्यासाठी किवीची पेटी घेऊन आली. मेलो आता.

शनिवार, २ ऑगस्ट, दुपारी चार

भांडलो! इस्त्रीवरून. माझ्या हिरव्या झग्याची बाही तिनं चुरगळली आणि वर म्हणते, "तुझे दंडच तसे आहेत." मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दार आपटून गेली, पारेच्या गाडीत बसून. मी खिडकीतून ओरडले, येणारच नाही मी, गा एकटी!

मग झगा घातला. बूट शोधले, काळे, टाचांचे, एकुलते. पलंगाखाली नाहीत, दाराशी नाहीत.

घालून गेली. विचारलंसुद्धा नाही. लहानपणी तरी कधी विचारायची!

गमबूट चढवलेत. निघाले.